खिशातला एक, डब्यातले बाकीचे

आधीच सांगून टाकतो, हा रामपुरीवाला विषय नाही. "मला चाकू गोळा करायचा नाद आहे" एवढं म्हणलं की समोरच्याच्या डोक्यात पहिला तोच येतो, पिक्चरमधला व्हिलन, खट्टकन उघडणारं लांब पातं, आणि मग "काय बे, कुणाची सुपारी घेतलास?" हा ठरलेला जोक. रामपूरवाल्यांनी तर २०२३ मध्ये गावातल्या चौकात वीस फुटी चाकूच उभा केला, म्हणजे ज्याच्यामुळं गाव बदनाम होतं त्याचाच सेल्फी पॉइंट करून टाकला, ते एक भारी केलं. पण माझ्याकडं रामपुरी नाही. माझ्याकडं आहेत ते साधे मिटायचे चाकू, मुठीत बसणारे, पातं तीन-साडेतीन इंचाच्या आसपास, फळं कापायला, सुतळी तोडायला, पार्सल फोडायला. पत्र्याच्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेत. बायको त्याला "तुझं शस्त्रागार" म्हणते आणि आई नुसतं "ते लोखंड". आकडा घरात कुणाला खरा सांगितलेला नाही, इथं पण सांगणार नाही.

तर विषय असा की एवढे असून रोज खिशात जातो तो एकच, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला एक बारका. खिशातला जो आहे तो डब्यातल्यांपेक्षा महाग नाही, स्टील पण त्याचं काही खास नाही, दिसायला तर लहान पोरांचा वाटतो. मुळात तो लहान पोरांसाठीच बनवलेला आहे. ईडीसीवाल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात (ईडीसी म्हणजे एव्हरीडे कॅरी, रोज खिशात काय काय असतं त्याचे फोटो टाकणारी जमात, मी पण त्यातलाच). पण मला आता असं वाटतंय की रोजचा चाकू कुठला हे आपण ठरवतच नाही, आपल्या आजूबाजूची माणसं ठरवतात. कसं ते सांगतो, पण आधी डब्यातल्यांची ओळख करून देतो.

डब्यात सगळ्यात जास्त जागा ओपिनेलनं खाल्लीय. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याला सॅव्हॉय म्हणून भाग आहे, तिथं जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसानं १८९० मध्ये हा चाकू केला, शेतकऱ्यासाठी, गुराख्यासाठी. नंतर १ ते १२ असे नंबर पाडले, त्यातले १ आणि ११ पुढं बंद झाले. नंबर ८ सगळ्यात जास्त चालतो, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर. मला या चाकूचं वेड का लागलं तर त्यात काहीच नाही म्हणून. लाकडाची मूठ, तिला एक खाच, पातं, एक पिन, आणि पत्र्याच्या दोन कड्या, एक फिक्स आणि एक फिरणारी. संपलं. फिरणारी कडी १९५५ मध्ये आली, ती फिरवली की पातं उघडं असताना मिटत नाही, म्हणजे बोटं वाचतात, आणि २००० पासूनचे जे आहेत त्यात मिटलेलं असताना पण लॉक होतं. ना स्प्रिंग, ना बेअरिंग, ना स्क्रू. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही सुताराच्या हातात दिला तर दोन मिनिटात त्याला सगळं कळंल आणि तो म्हणंल, ह्याला फ्रान्सवरून कशाला मागवलास.

त्या लाकडाची एक गंमत आहे. मूठ बीच लाकडाची असते आणि लाकूड म्हणलं की हवेतलं पाणी पिणारच. पावसाळ्यात कोकणात गेलो होतो तेव्हा खिशातला आठ नंबर असा फुगला की पातं बाहेरच येईना, नखानं ओढून ओढून नख दुखायला लागलं. त्यावर सॅव्हॉयच्या लोकांची एक युक्ती आहे, मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, म्हणजे पातं झटक्यानं थोडं वर येतं आणि मग चिमटीत धरून उघडायचं. हॉटेलच्या टेबलावर मी ठकठक करत बसलेला बघून वेटर दोनदा येऊन गेला, काय पाहिजे का म्हणून. हाच चाकू आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये उलटा वागतो. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला, हवा कोरडी ठणठणीत झाली की लाकूड आकसतं आणि पातं इतकं सैल होतं की चाकू उलटा धरला तर आपोआप उघडतो. म्हणून उन्हाळ्यात मिटल्यावर कडी फिरवायचीच, खिशात उघडला तर काय होईल ते सांगायला नको. सोलापूरच्या हवेचा एक फायदा पण आहे म्हणा, कार्बन स्टीलला इथं गंज फार त्रास देत नाही. मुंबईतल्या एका मित्राचा तसाच चाकू आहे, तो बिचारा आठवड्याला तेल लावतो, मी आठवण आली की लावतो.

कार्बन स्टील म्हणजे ज्यात क्रोमियम जवळजवळ नसतं ते, त्यामुळं ते गंजतं, डाग पडतात, पण दगडावर पटकन धार घेतं. ओपिनेल दोन्हीत मिळतो, कार्बन आणि स्टेनलेस. लोक स्टेनलेस घेतात, कटकट नाही. पण कार्बनची मजा वेगळीच आहे आणि ती मजा दाखवायला सोलापूर जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही, कारण आपल्याकडं डाळिंब आहे. नव्या चकचकीत कार्बनच्या पात्यानं डाळिंबाची साल कापायला घ्या, चार-पाच फळं होईपर्यंत पातं निळसर, मग जांभळट, मग काळं व्हायला लागतं. सालीत टॅनिन भरपूर असतं, ते लोखंडाला भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस घालून काळा रंग करायची जी जुनी पद्धत होती, त्यामागं हीच केमिस्ट्री. आमच्या पूर्व भागातल्या जुन्या रंगारी माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्यात नवीन काय?" बरोबर आहे त्याचं. हा काळा थर म्हणजे पॅटिना, तो बसला की तांबडा गंज धरायला थोडा कमी होतो. ऑनलाइन लोक व्हिनेगर, कॉफी, मोहरीची पेस्ट असलं काय काय लावून पॅटिना करतात. मी सांगोल्याच्या डाळिंबांवर केला, शिवाय दाणे खायला मिळाले. फक्त नवीन असताना कैरी किंवा लिंबू कापून लगेच खाऊ नका, तोंडात लोखंडाची चव येते. थर बसला की जाते.

डाळिंब कापायला तसं पण लांब पातं लागत नाही. वरचा मुकुट गोल कापून काढायचा, मग फळाला ज्या उभ्या कडा असतात त्यांच्यावर फक्त सालीपुरत्या चिरा द्यायच्या आणि हातानं उकलायचं, एक दाणा फुटत नाही. यात पात्याचं पुढचं बोटभर टोकच कामाला येतं. मधोमध कचकन दोन तुकडे करणारी माणसं बघितली की मला त्रास होतो.

दुसरं घराणं व्हिक्टोरिनॉक्स, लाल मुठीचा स्विस चाकू, हा सगळ्यांना माहीत असतो. कार्ल एल्सेनरनं १८८४ मध्ये इबाख गावात वर्कशॉप काढलं, १८९१ मध्ये स्विस आर्मीला चाकू दिले, आणि आज जो आपण ओळखतो तो ऑफिसरवाला १८९७ चा. नावाची गोष्ट पण छान आहे, आईचं नाव व्हिक्टोरिया, ती १९०९ मध्ये गेल्यावर त्यानं कंपनीला तिचं नाव दिलं, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस स्टील आलं तेव्हा त्याला फ्रेंचमध्ये म्हणतात ते इनॉक्स मागं जोडलं. स्टील मऊ आहे त्यांचं, मुद्दामच तसं ठेवलेलं, धार लवकर जाते पण लवकर येते पण, आणि गंजत नाही. माझ्याकडं ॲल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा एक आहे, पायोनियर, त्यातलं बाटली उघडायचं टूल मी पेंटचे डबे उघडायला वापरतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. पण खरा हिरो म्हणजे त्यांचा सगळ्यात बारका, क्लासिक, मिटलेला ५८ मिलिमीटर, वजन वीस-बावीस ग्रॅम. त्यात इवलंसं पातं, नेलफाइल, चिमटा, दात कोरायची काडी आणि कात्री. ही कात्री काय चीज आहे हे टॉवेलवाल्यालाच विचारा. ती का ते पुढं येतंय.

बाकीचे भराभर सांगतो. जपानचा हिगोनोकामी आहे, ह्योगो भागातल्या मिकी गावचा. पितळी पत्र्याची घडी केलेली मूठ आणि पात्याच्या मागं एक शेपटी. लॉक नाही, स्प्रिंग नाही, शेपटीवर अंगठा दाबून धरला तोवर पातं उघडं. एकेकाळी तिथली शाळकरी पोरं पेन्सिल तासायला हा घेऊन फिरायची. खूप देखणा आहे, पण अंगठा सरकला की संपलं, म्हणून टेबलावरच असतो आणि आमच्या चिरंजीवांच्या पेन्सिली मी त्यानंच तासतो, शार्पनरपेक्षा टोक लांब येतं. अमेरिकेचा बक ११० आहे, १९६४ पासूनचं मॉडेल, दोन्ही टोकांना पितळ, मधे लाकूड, मागच्या कण्यावर दाबलं की मिटतो. जवळजवळ दोनशे ग्रॅम वजन. खिशात टाकला की पँट एका बाजूला उतरते, तो पट्ट्याला म्यानात लावायचा चाकू आहे आणि म्यान लावून नवी पेठेत फिरायची माझी हिंमत नाही. स्पायडर्कोचा एक आहे, पात्याला गोल भोक असणारा, त्या भोकात अंगठा घालून एका हातानं उघडता येतो. खिशाला अडकवायची क्लिप आणि हे भोक, दोन्ही १९८१ मध्ये त्यांच्याच पहिल्या चाकूत एकदम आलं, त्याआधी खिशातला चाकू म्हणजे खिशाच्या तळाला नाण्यांबरोबर खुळखुळायचा. आज क्लिप नसलेला मॉडर्न चाकू सहसा सापडायचा नाही. ख्रिस रीव्हचा सेबेंझा म्हणून जो महागडा चाकू आहे तो मात्र माझ्याकडं नाही आणि होणार पण नाही, त्याच्या किमतीत चालू कंडिशनची सेकंडहँड स्प्लेंडर येते, आणि स्प्लेंडरवर बसून कामाला तरी जाता येतं.

आणि मग चायनावाले. यांना नावं ठेवायचे दिवस गेले. ग्वांगडाँगमध्ये यांगजियांग म्हणून शहर आहे, ते चाकू-कात्र्यांचंच, तिथून आता असे चाकू निघतात की जॉइंटला बेअरिंग, पातं मागच्या कानाला बोट लावलं की सुर्रकन उघडून खटॅक्‌ असं लॉक, आणि स्टील डी-टू. डी-टू म्हणजे साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम, मुळात चाकूचं स्टीलच नाही हे, डायचं स्टील, म्हणजे कारखान्यात पत्रा कापायच्या साच्याचं. आमच्या एमआयडीसीत टूलरूमवाल्याला डी-टू सांगितलं की तो म्हणतो, अच्छा, एचसीएचसी (हाय कार्बन हाय क्रोम), आणि मला एक पंच काढून दाखवतो. त्याच्या दृष्टीनं ज्या स्टीलनं पत्रा कापायचा त्यानं मी पुठ्ठा कापतो म्हणजे चैनच आहे. पण पुठ्ठा काय साधा नसतो. रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्यात बारीक माती-खडा असतो, तो धारेला खातो. दिवसभर कार्टन फोडा, स्विस चाकू दुपारीच बोथट होतो आणि डी-टू संध्याकाळी पण कागद कापतो. हे मी रोज बघतो.

कारण माझं काम तेच आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. सुताचे कोन (शंकूसारखी मोठी रिळं) येतात ते कार्टनमधून नाहीतर पिशव्यांतून, टॉवेल जातो तो गाठी बांधून नाहीतर कार्टनमधून, आणि मधे दिवसभर सुतळी, प्लास्टिकची पट्टी, टेप, बारदान, फिल्म. सकाळी आल्यापासून काही ना काही कापायचंच असतं. म्हणून जेव्हा तो डी-टूवाला आला तेव्हा मला वाटलं, चला, शोध संपला. सगळ्या चार्टवर तो पास. एका हातानं उघडतो, धार टिकते, लॉक घट्ट, किंमत परवडणारी.

पण तिथं चेकिंगच्या टेबलावर बायका बसतात, टॉवेल उलटून पालटून बघायला, सुटे धागे काढायला. निम्म्याहून जास्त पद्मशाली घरातल्या, आपसात तेलुगू, आपल्याशी मराठी. त्यांच्यातल्या एक अक्का आहेत, माझ्या आईच्या वयाच्या. मी शेजारी उभा राहून गाठीची पट्टी कापायला चाकू काढला, खटॅक्‌ झालं, आणि अक्कांच्या हातातला टॉवेल खाली पडला. मग म्हणाल्या, "तम्मी, ते आत ठेव बघू आधी. कात्री देते मी." बाकीच्या हसल्या. पण मी त्या दिवसापासून बघायला लागलो, मी चाकू काढला की माणसं काय करतात. आणि खरंच, बेअरिंगवाला काढला की ड्रायव्हर बोलता बोलता थांबतो, हमाल अर्धं पाऊल मागं सरकतो, मुंबईचा बायर आला होता तो तर "वाव" म्हणाला पण खुर्ची सरकवून. तेच काम लाकडी ओपिनेलनं केलं तर "दाखव की बे, काय लाकूड आहे हे" म्हणून हात पुढं येतो. पात्याची लांबी जवळपास तेवढीच आहे दोन्हींची! फरक फक्त उघडायच्या आवाजाचा, काळ्या रंगाचा, आणि दोन हातांनी शांतपणे उघडणं आणि एका हातानं झटका देणं यातला. दोन हातांनी चाकू उघडणारा माणूस पेरू कापणार आहे असं वाटतं. हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं, कारण रिव्ह्यू करणारा एकटा खोलीत बसून चाकू उघडतो-मिटतो.

दुसरी गोष्ट टोक. चाकूला टोक पाहिजेच असं आपल्याला वाटतं. पण कार्टन फोडताना टोक आत किती गेलं हे दिसत नाही, आणि आत टॉवेल असतो. टेरी टॉवेलचे लूप असतात ना, त्यात टोक अडकलं की ओढ येते, वरचा टॉवेल सेकंड्समध्ये, म्हणजे खराब मालात. सुताच्या कोनाला लागलं तर अजून वाईट, वरवर काही दिसत नाही, पण तिथले थर कापले गेलेले असतात आणि तो कोन वार्पिंगला (मागासाठी ताणा तयार करायला) लावला की सारखं सूत तुटत राहतं आणि वार्पिंगवाला डिस्पॅचच्या नावानं बोटं मोडतो. म्हणून आमच्याकडं जुनी हमाल मंडळी ब्लेडचा तुकडा बोटांत असा धरतात की अर्ध्या नखाएवढाच बाहेर राहील. ते बरोबर करतात, फक्त त्यात त्यांची बोटं जातात.

मग मी ओपिनेलचा सात नंबरचा एक मागवला, त्याचं नावच आहे माझा पहिला ओपिनेल, शाळेतल्या पोरांनी भाजी-फळं कापायला शिकावं म्हणून केलेला. पातं आठ सेंटिमीटर, स्टेनलेस, कडी तीच फिरणारी, मूठ लाल, आणि टोक गोल, एकदम बोथट गोल. पट्टीखाली घातला तर खालच्या टॉवेलवरून घसरत जातो, अडकत नाही. टेप कापायला पात्याचं पोट वापरायचं, सवय होते. सुतळी तर लोण्यासारखी कापतो, कारण पातं पातळ आहे. हे एक कळायला मला जरा वेळ लागला म्हणा, की कापायचं काम स्टीलच्या नावापेक्षा पात्याच्या जाडीवर जास्त असतं. डी-टूवाल्याचं पातं मागं चांगलं तीन-साडेतीन मिलिमीटर जाड, ते सफरचंद कापत नाही, फोडतं. ओपिनेलचं त्याच्या जवळजवळ निम्मं. अक्कांना दाखवला तर त्यांनी हातात घेऊन उघडून बघितला, कडी फिरवून बघितली, आणि म्हणाल्या, "हे बरंय, नातीला आण एक." झालं. तो खिशात बसला तो बसलाच. पुठ्ठ्यानं धार लवकर जाते हे मान्य, आठवड्याला एकदा लावावी लागते, पण मला तसंही रविवारी सकाळी दगड घेऊन बसायला आवडतं.

किल्ल्यांचा क्लासिक आहे तो धाग्यांसाठी. डिस्पॅचला माल उभा असताना एखाद्या टॉवेलच्या कडेला धागा लोंबताना दिसला की तो ओढायचा नसतो, शिलाई उसवते, तो मुळाशी कापायचा. स्विसवाल्यांची ती नखाएवढी कात्री त्याला इतकी बरोबर बसते की जणू सोलापुरी टॉवेलसाठीच केलीय. पातं त्याचं मी महिन्यातून एखाद्या वेळी वापरत असेन. ही वस्तू कुणी चाकू म्हणून बघतच नाही, बँकेत टेबलावर किल्ल्या ठेवल्या तरी कुणी वळून बघत नाही.

आता धारेचं. दारावर सायकलचं चाक फिरवत येतो त्या धारवाल्याकडं घरची विळी, कात्री, खुरपं बिनधास्त द्या. पण चांगला चाकू देऊ नका. त्याची चूक नाही, चाक कोरडं असतं, वेगानं फिरतं, पातळ धार तापते. ठिणग्या उडताना पात्याच्या कडेला निळा रंग चढला तर समजायचं तीनशे डिग्रीच्या आसपास गेलं, म्हणजे कारखान्यात पोलाद कडक करायला दिलेलं पाणी तिथं उतरलं, ती जागा मऊ झाली. नंतर कितीही घासा, टिकत नाही. घरी एक हजार नंबरचा दगड, पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटं एवढंच लागतं. पात्याचा कोन दगडाशी वीस अंशांच्या आसपास, दोन काड्यापेट्या वगैरे ठेवून अंदाज घ्यायची काही गरज नाही, पाच-सहा वेळा केलं की हाताला कळतं. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक खरखरीत कड लागेपर्यंत, मग पलटायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटा ओढायचा. दगड नसंल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची कडा असते तिच्यावर पण काम भागतं, प्रवासात मी तेच करतो. डी-टूला मात्र साधा दगड लवकर दाद देत नाही, त्याला डायमंडची प्लेट लागते, आणि त्यात अख्खी दुपार जाते.

स्टीलचा विषय निघालाच आहे तर, आपल्या घिसाडी मंडळींचं काम बघा कधी. रस्त्याकडेला भाता लावून ट्रकच्या पाट्याच्या पोलादाचा कोयता करतात, डोळ्यांनी रंग बघून पाणी देतात, ना थर्मामीटर ना काही. मी एकाला विचारलं होतं की मिटायचा चाकू कराल का. तो म्हणाला, "करतो की, पण मिटायचा कशाला? कोयता कुणी मिटून ठेवतंय का?" याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कायद्याचं पण सांगतो, कारण कमेंटमध्ये सगळ्यात आधी तेच येणार. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, त्यातून घरगुती, शेतीचे, कारखान्याचे वगळलेत. खिशातला चाकू त्याच्या आसपास पण जात नाही. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात आदेश निघतात, सण, मोर्चा, निवडणूक, यात्रा असली की पेपरला येतं बघा, त्या काळात सार्वजनिक ठिकाणी तलवार-भाल्यापासून लाठी-सुरीपर्यंत काहीच जवळ ठेवायला बंदी असते. त्या आदेशात तुमच्या चाकूचं पातं किती आणि टोक गोल आहे का हे कोण बघणार नाही. म्हणून गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, मिरवणुकीत, सभेत, कोर्टात, माझा चाकू घरी असतो. विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकायचा. आणि बटण दाबून उघडणारे तर घेऊच नका, कामाला उपयोग शून्य आणि कटकट शंभर. ही अडचण आपल्याकडंच आहे असं पण नाही, व्हिक्टोरिनॉक्सनं स्वतः २०२४ मध्ये सांगितलं की बऱ्याच देशांत नियम कडक होतायत म्हणून बिनपात्याच्या मॉडेलवर काम चालू आहे. बिनपात्याचा स्विस नाईफ! आमची आई खूश होईल.

एक राहिलंच. हुरड्याला जाताना मित्र हमखास म्हणतात, "तुझा तो चाकू घे रे." आता हुरड्याला चाकूचं काय काम ते मला अजून कळलेलं नाही. कणसं आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची, शेंगा चटणी, गूळ, दही, आणि कांदा बुक्कीनं फोडायचा. चाकूनं कापलेला कांदा तिथं कुणी खात पण नाही. तरी मी काळा पडलेला आठ नंबर घेऊन जातो, पेरूच्या फोडी करायला, आणि एकदा बाहेर काढला की तो माझ्याकडं परत यायला तास जातो, हातोहात फिरतो. फिरू दे. डब्यात बसून त्याला पण कंटाळा येत असंल.

पुढचा नंबर डुक-डुकचा आहे. फ्रान्समधल्या तिएर गावचा, १९२९ पासूनचा, पत्र्याची घडी केलेली मूठ आणि तिच्यावर कोरलेला एक विचित्र नाचणारा देव. कार्बन स्टील, लॉक नाही, पातं बाकदार आणि टोक सुईसारखं. म्हणजे टॉवेलला चालणार नाही, अक्कांना चालणार नाही, मुलाच्या हातात देता येणार नाही. सरळ डब्यात जाणार हे ऑर्डर करायच्या आधीच माहितीय. कार्टमध्ये टाकून ठेवलाय, पगार झाला की घेतो.